पट्टीवरचा शून्य फटीत राहिला पाहिजे : समुद्रतळाचं मॉडेल जोडायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. आमच्याकडून समुद्रतळ पसरण्याचं मॉडेल नेलेल्या सगळ्या सर-मॅडमसाठी आणि पालकांसाठी हे लिहितोय. मॉडेल म्हणजे एक बॉक्स, वर मधोमध फट (इथे नवा समुद्रतळ तयार होतो), खाली रोलर, आणि रोलरवरून फटीतून वर येऊन एक डावीकडे, एक उजवीकडे जाणाऱ्या दोन कागदी पट्ट्या, त्यांच्या बाहेरच्या टोकांना ओढायच्या मुठी. नोव्हेंबर लागला की विज्ञान प्रदर्शनांची गडबड सुरू होते आणि आमच्या कराडच्या वर्कशॉपमधला फोन संध्याकाळी सात वाजल्यानंतर वाजायला लागतो, आणि बहुतेक फोन एकच असतो, "तुमच्या पट्ट्या उलट्या आल्यात, बदलून द्या." पट्ट्या उलट्या नसतात. बॉक्स बंद करण्याआधी प्रत्येक जोडी मी स्वतः समोरासमोर धरून बघतो. जोडताना त्या उलट्या लागतात, आणि फेविकॉल सुकल्यावर ते लक्षात येतं.

चूक एकच आहे आणि ती अगदी साहजिक आहे. पट्टीच्या एका टोकाला ० लिहिलंय, दुसऱ्या टोकाला ३६. माणूस शून्य बघितला की फूटपट्टीसारखं समजतो, म्हणजे सुरुवात इथून, म्हणून शून्याचं टोक मुठीला चिकटवतो आणि ३६ चं टोक खाली रोलरला. मग मूठ ओढली की फटीतून आधी ०, मग १०, मग २० असं बाहेर येतं आणि सगळ्यात जुना समुद्रतळ बरोबर मधोमध, फटीच्या तोंडाशी दिसतो. म्हणजे जे दाखवायचं त्याच्या नेमकं उलटं. परीक्षकांनी विचारलं, बाळा नवीन खडक कुठे तयार होतो, तर मूल तोंडाने म्हणतं मध्ये आणि मॉडेल दाखवतं कडेला.

त्या पट्टीवर अंतर नाहीये, वय आहे. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख वर्षं. शून्य म्हणजे आज, आत्ता फटीतून वर आलेला गरम बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनणारा काळा दगड. ३६ म्हणजे ३६ लाख वर्षांपूर्वी तिथेच तयार झालेला आणि तेव्हापासून बाजूला सरकत गेलेला तळ. त्यामुळे जुनं टोक आधी बाहेर आलं पाहिजे, ते मुठीला, आणि शून्याचं टोक सगळ्यात शेवटी, ते खाली रोलरवर पिनने. पिनसाठी शून्याच्या अलीकडे ४ सेंटिमीटर कोरा कागद सोडलाय, तो कापू नका.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. दोन्ही पट्ट्या हातात घ्या, छापलेली बाजू एकमेकीसमोर येईल अशा धरा, शून्यावर शून्य, काळ्या पट्ट्यावर काळा पट्टा. उजेडासमोर धरलं तर सगळे काळे भाग एकावर एक बसलेले दिसतात, बसले नाहीत तर एक पट्टी फिरलीय. मग तशाच दोन्ही एकत्र रोलरला लावून गुंडाळा आणि फटीतून वर काढून एक डावीकडे, एक उजवीकडे वळवा, छापील बाजू आपोआप वर येते. बरेच जण छापील बाजू बाहेर ठेवतात कारण दिसायला तसं बरोबर वाटतं, मग वर कोरा कागद येतो. आणि एक, दोन्ही मुठी एकाच वेळी, एकाच वेगाने ओढायच्या. एकच ओढली तर पट्टे जुळत नाहीत आणि मॉडेलचा सगळा जीवच त्या जुळण्यात आहे.

तो का, ते थोडं सांगतो, कारण मुलांना हेच विचारतात. लाव्हा थंड होताना साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजात त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पक्की होते. आणि हे क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. शेवटचं उलटणं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचं, म्हणून पट्टीवर पहिला काळा भाग ७.८ सेंटिमीटरचा आहे. त्याच्या पुढे २५.८ पर्यंत पांढरा, म्हणजे उलट्या क्षेत्राचा काळ, आणि त्या पांढऱ्यात ज्या दोन बारीक काळ्या रेघा आहेत त्या छपाईचा डाग नाहीत (हाही फोन येतो). मधेच थोड्या काळासाठी क्षेत्र पुन्हा आजच्यासारखं झालं होतं, त्यांना हारामियो आणि ओल्डुवाई अशी नावं आहेत. २५.८ च्या पुढे शेवटपर्यंत परत काळा.

मॉडेलवर आम्ही अटलांटिक न छापता कार्ल्सबर्ग रिज छापतो, रिज म्हणजे समुद्राखालची डोंगररांग. पुस्तकात अटलांटिक आहे, मग हे काय वेगळंच, असं बरेच शिक्षक विचारतात. ही रांग आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेला आहे, तिच्या ईशान्येला भारतीय प्लेट (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या वरच्या घट्ट थराचा सरकता तुकडा) आणि नैर्ऋत्येला सोमालियाची, आणि पट्ट्यांचा अर्थ ज्या नोंदींवरून लागला त्यातल्या महत्त्वाच्या नोंदी इथल्याच आहेत. अमेरिकेचे भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये म्हटलं होतं की समुद्रतळ मध्यसागरी रांगांवर तयार होऊन बाजूला सरकतो, पण पुरावा हातात नव्हता. त्याच वर्षी ओवेन या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजाने कार्ल्सबर्ग रिजवर चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजमध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्या आकड्यांवरून १९६३ मध्ये मांडलं की तळातला खडक आळीपाळीने सरळ आणि उलट्या दिशेने चुंबकित आहे. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना हेच स्वतंत्रपणे सुचलं होतं, त्यांचा लेख नाकारला गेला. १९६६ मध्ये एल्टॅनिन जहाजाची पॅसिफिक-अंटार्क्टिक रिजवरची नोंद समोर आली, त्यात डावी बाजू आणि उजवी बाजू कागदाची घडी घातल्यासारखी जुळली. तुम्ही पट्ट्या उजेडासमोर धरून जे बघता ते हेच. पुढे १९६८ च्या शेवटी ग्लोमार चॅलेंजर जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये तळाला भोकं पाडून गाळ वर काढला, रांगेपासून जसजसं लांब जाल तसतसा सगळ्यात खालचा गाळ जुना निघाला. शून्य मध्येच असतो, हे त्यातून मोजून दिसलं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या लोकांनीही या रांगेवर काम केलंय. मुलाला घरापासून बसने जाता येईल अशा ठिकाणची गोष्ट सांगता येते, म्हणून आम्ही हीच रांग धरून बसलोय आणि बदलणार नाही.

वेगाचा प्रश्न. कार्ल्सबर्ग रिज हळू पसरते, दोन्ही बाजू मिळून वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूला सव्वा सेंटिमीटर धरलं तर पहिला काळा पट्टा प्रत्यक्षात पावणेदहा किलोमीटर रुंद होतो, कराडपासून एखाद्या शेजारच्या गावाएवढं अंतर. पूर्व पॅसिफिकमध्ये काही ठिकाणी हाच वेग वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. पट्टी तीच वापरता येते, कारण वय सगळीकडे तेच, फक्त पट्टा किती किलोमीटर रुंद ते बदलतं. हे एक वाक्य मुलाला पाठ नको, समजावून द्या, परीक्षक खूश होतात.

मुठींवर "मुंबई" आणि "आफ्रिका" असं लिहून पाठवा म्हणून सांगतात. आम्ही लिहीत नाही आणि त्याचं कारण आहे. भारत आणि हिंदी महासागरातली सेशेल्स बेटं एकमेकांपासून वेगळे होऊन ही रांग मध्ये पसरायला लागली ती साधारण ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी. आमच्या मापाने ती पट्टी एका बाजूला ६ मीटर ३० सेंटिमीटर होते. ३६ सेंटिमीटरवर मुंबई लिहिली तर खोटं होईल. घाटातला आपला काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, तो त्याच्याही पुढे ३० सेंटिमीटरवर. गेल्या वर्षी एका शाळेला आम्ही ही पूर्ण लांबीची पट्टी फ्लेक्सवर छापून दिली, व्हरांड्यात जमिनीवर अंथरली होती, मुलं शून्यापासून चालत निघाली आणि दारापाशी सह्याद्रीला पोचली. मी स्वतः लावायला गेलो होतो, एक पाचवीतली मुलगी तीनदा चालली, तिसऱ्यांदा शून्यावर येऊन तिने फरशीला हात लावून बघितला. कोणाला हवी असेल तर आठ दिवस आधी सांगा, व्हरांड्याचं माप घेऊन कळवा.

दुसऱ्या टोकाला पट्टी खाली का जात नाही, गर्ता (तळ खाली घुसतो तिथली खोल खाच) कुठाय, हेही विचारतात आणि काही जण कटरने बॉक्सला कडेला फट पाडतात. कृपया पाडू नका, सनबोर्ड सुटतो. आपला पश्चिम किनारा ही प्लेटची कड नाहीये. अरबी समुद्राचा पूर्वेकडचा तळ आणि महाराष्ट्र एकाच प्लेटवर बसलेत, किनाऱ्याशी काहीच खाली घुसत नाही. तळ खाली जातो तो उत्तरेला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापाशी, पूर्वेला सुमात्रा-जावाच्या बाजूला. मकरानला २८ नोव्हेंबर १९४५ ला भूकंप झाला त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, आणि सुमात्राचा २६ डिसेंबर २००४ चा सगळ्यांना आठवतोच. नवा तळ तयार होतो तेवढा जुना कुठेतरी खाली जातो, म्हणून पृथ्वी फुगत नाही आणि म्हणूनच समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी २० कोटी वर्षांपेक्षा जुना सापडत नाही. गर्तेसहित मॉडेल पाहिजे असेल तर ते वेगळं आहे, त्यात पॅसिफिक आहे.

कोयनेचं पण लिहितो, कारण आमच्या भागातले शिक्षक हमखास विचारतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप प्लेटच्या कडेवरचा नव्हे, प्लेटच्या आतला आहे, आणि तो धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. या मॉडेलने तो समजावू नका, गोंधळ होईल.

आता पृथ्वीच्या आतल्या थरांचं कापलेलं मॉडेल. इथे चूक नाही, तक्रार असते, आणि तक्रार म्हणजे मँटल हिरवट का, लाल करा, लाव्हा असतो ना आत. नसतो. मँटल म्हणजे प्रावरण, साधारण २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत, आणि ते घन आहे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, त्या मँटलमधून व्यवस्थित जातात आणि बाह्य गाभ्याशी थांबतात. द्रव आहे तो बाह्य गाभा, ५,१५० किलोमीटरपर्यंत, त्याच्या आत परत घन लोखंडाचा आंतर गाभा, तो १९३६ मध्ये डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी दाखवला. पृथ्वीला गाभा आहे हे त्याआधी १९०६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांनी मांडलं होतं, हा माणूस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता आणि १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास त्याचाच.

घन आहे तर सरकतो कसा? मे महिन्यात खिडकीत ठेवलेली मेणबत्ती बघा, वितळलेली नसते तरी वाकलेली असते. मँटल तसा, फक्त लाखो-कोटी वर्षांत. रिजच्या खाली हा गरम खडक वर येतो, वरचा दाब कमी होतो आणि त्यातला थोडाच भाग वितळतो, तोच बेसॉल्ट होऊन फटीतून येतो. आणि हिरवा रंग अशासाठी की वरच्या मँटलचा खडक पेरिडोटाइट, त्यात ऑलिव्हिन हे खनिज भरपूर, आणि तो दिसायला खरंच हिरवा असतो. रंग मी तीनदा बदलून पक्का केलाय. लाल पाहिजेच असेल तर लाल रंग देतो आम्ही, पण आतून मनाला पटत नाही आणि प्रदर्शनात परीक्षक जाणकार असले तर तुमच्याच मुलाला प्रश्न येईल.

कवच फार पातळ आहे, दिसत नाही, ही दुसरी तक्रार. मॉडेलमध्ये १ मिलिमीटर म्हणजे २० किलोमीटर. खंडाचं कवच साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. समुद्राखालचं ७ किलोमीटर, ते एका जाड कार्डपेपरएवढं, आणि आम्ही कार्डपेपरच लावतो. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोलाचं, १२ किलोमीटर २६२ मीटर, ते या मापात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. मुलाला सुईचं टोक कार्डपेपरवर टेकवून दाखवा, इथवरच गेलोय म्हणून. त्यावर पुन्हा कोणी जाड कवच मागत नाही.

होकायंत्रवाला सेट घेतला असेल तर पट्टीखाली चपटी चुंबकं आधीच चिकटवलेली येतात, ती काढू नका. होकायंत्र पट्टीवरून हळूहळू सरकवा, काळ्यावरून पांढऱ्यावर गेलं की सुई फिरते. मोबाईल टेबलावर नको, स्पीकर तर अजिबात नको, सुई भलतीकडे जाते आणि चुंबक खराब आलं म्हणून फोन येतो.

उलट्या चिकटलेल्या पट्ट्या ओढून काढू नका, फाटतात. हेअर ड्रायर लांबून मारा, फेविकॉल मऊ झाला की कडेने सोडवा. प्रत्येक बॉक्समध्ये जादा जोडी एक टाकलीय, तळाशी, तपकिरी कागदाखाली, बघत जा. तीही खराब झाली तर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, नवी जोडी पाठवतो, फक्त कुरिअरचे पैसे घेतो. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी ऑर्डर दिवाळीच्या आधी द्या, आम्ही तीनच माणसं आहोत आणि रंग सुकायला दोन दिवस लागतातच. ऑर्डर देताना इयत्ता कळवा, सहावीला आणि दहावीला आम्ही वेगळी माहिती चिकटवतो.