गेमला धाडस, स्लॅमला चौकशी

ब्रिजमध्ये दहा हात होणार होते, पण तुम्ही तीन इस्पिकवर, म्हणजे इस्पिक हुकूम धरून नऊ हातांच्या बोलीवर थांबलात. जादा हाताचे ३० गुण मिळाले आणि गेमचं, म्हणजे चार इस्पिकसारख्या मोठ्या बोलीचं, बक्षीस गेलं. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली. तिचा सगळा भर आधी बोलण्यावर, मग करून दाखवण्यावर आहे.

मग बोलायचं कधी? एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ असे गड्डीत ४० गुण असतात. दोघा भिडूंचे मिळून २५-२६ झाले तर गेम, ३३ ला स्लॅम (बारा हात), ३७ ला ग्रँड स्लॅम (तेराही हात), हे नवशिक्यालाही पाठ असतं. ३३ चा आकडा मला विशेष आवडतो. विरोधकांकडे ७ च गुण उरतात, म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत.

पण खरा प्रश्न शक्यतेचा आहे. संघांच्या सामन्यात तुम्ही व्हल्नरेबल आहात, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असण्याच्या स्थितीत आहात, आणि दुसऱ्या टेबलावर त्याच पत्त्यांवर तीन इस्पिकची बोली लागली आहे असं धरा. तुमचं चार इस्पिक झालं तर ६२० विरुद्ध १७०, म्हणजे ४५० चा फायदा. एका हाताने बुडालं तर उणे १०० विरुद्ध १४०, म्हणजे २४० चा तोटा. सामन्यात गुणांचा फरक लहान आकड्यांत बदलून मोजतात, त्याला आयएमपी म्हणतात; त्या मोजणीत हे १० विरुद्ध ६ होतात. शंभरात ३८ वेळा गेम झाला तरी बोली परवडते! नॉन-व्हल्नरेबल असताना ही रेषा ४५ च्या आसपास येते. शिवाय बचाव करणारेही चुकतात, म्हणून काठावरचा गेम बोलून टाकावा, असं माझं ठाम मत आहे.

स्लॅमला मात्र हे गणित पार बदलतं. व्हल्नरेबल असताना सहा इस्पिक झालं तर चार इस्पिकपेक्षा ७५० वाढतात, बुडालं तर तेवढेच जातात. इथे निम्मी शक्यता हवीच. ग्रँड स्लॅममध्ये मिळणारे ७५० च, पण एका हाताने बुडालं तर हातचे १५३० जातात. निव्वळ गुणांनी पाहिलं तर दोन-तृतीयांश खात्री लागते.

आता पत्त्यांकडे बघा. स्लॅम एका फिनेसवर, म्हणजे मोठं पान ठरावीक विरोधकाकडे असेल तरच साधणाऱ्या खेळीवर, अवलंबून असेल तर शक्यता ५० टक्के. त्यातच हुकमाची बाहेरची पाच पानं ३-२ अशी वाटली जायला हवी असतील, तर त्याची शक्यता ६८ टक्के. दोन्ही जुळून यायची शक्यता जेमतेम ३४. गेमसाठी हा जुगार थोडक्यात हुकतो, स्लॅमसाठी मात्र तो सरळ वाईट आहे.

म्हणून गेमची बोली झटपट लावावी, विरोधकांना माहिती कमी मिळते. स्लॅमच्या वाटेवर सावकाश विचारत जावं. ईझ्ली ब्लॅकवुड यांची चार नो ट्रम्पची (बिनहुकमी) बोली भिडूकडे एक्के किती ते विचारते; उत्तरावरून कोणते ते कळत नाही. तुमच्याकडे चौकटीची दोन हलकी पानं आहेत आणि उत्तरावरून एक एक्का बाहेर आहे असं कळलं. तो चौकटीचाच असला आणि राजाही विरोधकांकडेच असला, तर पहिले दोन हात त्यांचे. असे पत्ते असताना आधी रंगांच्या बोलींतून ताबा कुठे आहे ते विचारावं आणि भिडूने चौकटीचा एक्का किंवा राजा दाखवल्यावरच चार नो ट्रम्प बोलावं.