जीएस, यूआर आणि १९९४ चा घोळ : मराठवाड्यातल्या विद्यार्थी निवडणुकांची पार्श्वभूमी

जून-जुलै आला की दरवर्षी कुठून तरी बातमी सुटते, यंदा कॉलेजात निवडणुका होणार म्हणे. मग टपरीवर चहा पिता पिता कुणीतरी हमखास बोलतं, "आपल्याकडं विद्यापीठाचं नामांतर झालं अन् निवडणुका बंद पडल्या, चौऱ्याण्णवला." माझ्या वयाचे लोक म्हणायलेत, आता त्यांची पोरंही तेच म्हणायलीत. ह्या वाक्यातलं साल बरोबर आहे, बाकी सगळी गडबड आहे.

जुनं थोडक्यात उरकतो. निजामाच्या काळात आपल्याकडच्या कॉलेजांचं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. तिथं विद्यार्थ्यांनी कारभारात भाग घ्यायचा वगैरे प्रश्नच नव्हता, १९३८ मध्ये होस्टेलवर वंदे मातरम् म्हटलं म्हणून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या पोरांना काढून टाकलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठानं घेतलं, एवढं सांगितलं तरी काळ कसा होता ते कळतं. मग पोलीस अ‍ॅक्शन, मग द्विभाषिक मुंबई राज्य, आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ. म्हणजे आपलं विद्यापीठ महाराष्ट्र राज्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठं आहे, हे पुण्यामुंबईच्या लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही.

खरी गंमत सत्तरच्या दशकात सुरू होते. विद्यापीठांचा कारभार कसा असावा ह्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) नेमलेल्या एका समितीनं १९७१ मध्ये अहवाल दिला आणि त्यात विद्यार्थ्यांना कारभारात सामील करून घ्या असं स्पष्ट म्हटलं. देशभर पोरं रस्त्यावर होती, त्यांना आत घेतलं तर बाहेर दगड कमी पडतील असा साधा हिशोब त्यामागं असावा, असं माझं मत. १९७४ मध्ये राज्यानं विद्यापीठांचे कायदे नव्यानं केले, मराठवाडा विद्यापीठाचाही. आणि त्याच वर्षी आपल्याकडं परभणीतून सुरू झालेलं विकास आंदोलन, वसमतचा गोळीबार, नोकऱ्या, रेल्वे, सिंचन, सगळ्या मागण्या पोरांनीच लावून धरलेल्या. आज मराठवाड्यात साठी-सत्तरीतले जे पुढारी आहेत ते कुठल्याही पक्षात असोत, एकतर त्या आंदोलनात होते नाहीतर होतो असं सांगतात.

आता शब्दांचा घोळ, कारण तो सोडवल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सीआर म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, इथपर्यंत ठीक. जीएस म्हणजे जनरल सेक्रेटरी, कॉलेजचा. यूआर म्हणजे युनिव्हर्सिटी रिप्रेझेंटेटिव्ह, कॉलेजातर्फे विद्यापीठात मत द्यायला जाणारा. जुन्या पद्धतीत जीएस आणि यूआर ही दोन वेगळी पदं असायची, पॅनल पडायचं तेव्हा एकाच भिंतीवर दोन्ही नावं चुन्यानं रंगवलेली असायची आणि रिक्षातून "ताई माई अक्का" चालायचं. पुढं १९९४ च्या नव्या कायद्यात कॉलेजला एकच 'सचिव' राहिला आणि विद्यापीठात मतही त्याचंच, पण लोक त्याला जीएसच म्हणत राहिले आणि काही ठिकाणी यूआरसुद्धा. आणि २०१६ च्या कायद्यात तर अध्यक्ष वेगळा, सचिव वेगळा. त्यामुळे "मी जीएस होतो" असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठल्या साली? १९८५ चा जीएस हजार-दीड हजार पोरांची मतं मागून आलेला असतो. १९९८ चा जीएस वीस-बावीस जणांच्या खोलीतून आलेला असतो. दोघंही बायोडेटात एकच लिहितात.

बरं, १९९४. त्या एका वर्षात मराठवाड्यात तीन गोष्टी झाल्या. १४ जानेवारीला नामविस्तार, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाचं झालं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुलैत महाराष्ट्र विद्यापीठ कायदा लागू. आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनालाच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, परभणी, लातूर तिकडं गेले (हिंगोली तेव्हा परभणीतच होतं), औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद इकडं राहिले. आता गावाकडच्या माणसाला एका वर्षात विद्यापीठाचं नाव बदलताना दिसतं, विद्यापीठ दोन होताना दिसतं आणि कॉलेजातलं पॅनल गायब होताना दिसतं, तर तो ह्या सगळ्याची एकच मोट बांधणार. त्याचं चुकलं म्हणता येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे जळलं, गावंच्या गावं, दलित वस्त्या, त्याच्यापुढची सोळा वर्षं कॅम्पसवर कोण कुणाच्या पॅनलमध्ये आहे हे नामांतराची बाजू बघितल्याशिवाय कळतच नव्हतं. विद्यार्थी दोन्हीकडं होते, हेही खरं आहे आणि ते आता बरेच जण सांगत नाहीत.

पण निवडणुका बंद करण्याचा निर्णय मराठवाड्यासाठी घेतलेला नव्हता. १९९४ चा कायदा राज्यातल्या सगळ्याच अकृषी विद्यापीठांना लागू होता, मुंबई, पुणे, नागपूर, सगळ्यांना. आणि त्यामागं जी घटना कायम सांगितली जाते ती मुंबईची आहे, १९८९ मध्ये कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, ती. शिवाय ठिकठिकाणच्या मारामाऱ्या, पैसा, बाहेरच्यांची घुसखोरी. गंमत म्हणजे त्याच १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. म्हणजे देशानं ज्या वर्षी अठराच्या पोराला खासदार निवडायला लायक ठरवलं, त्याच वर्षीच्या एका घटनेवरून राज्यानं पुढं ठरवलं की तो जीएस निवडायला लायक नाही. हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून बघा, मला तरी अजून पटलेलं नाही. प्राध्यापक मंडळींची बाजूही असते, की तुम्हाला काय, परीक्षेच्या तोंडावर वर्गात पाच टाळकी बसायची, मुली आठ-आठ दिवस यायच्या नाहीत, प्राचार्यांच्या केबिनच्या काचा दर साली नव्या. ते खोटं नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि माझा सगळा राग ह्यावरच आहे. १९९४ ला निवडणुका "बंद" झाल्याच नाहीत. थेट निवडणूक बंद झाली. त्याऐवजी आलं गुणवत्तेवर नामनिर्देशन, म्हणजे मागच्या परीक्षेत वर्गात जो पहिला तो आपोआप सीआर. त्यात खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक ह्यातून प्राचार्यांनी घेतलेले एकेक जण आणि प्राचार्यांनीच नेमलेल्या दोन मुली. ह्या सगळ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा आणि अशा सगळ्या कॉलेजांच्या सचिवांनी विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष वगैरे निवडायचे. निवडणूक होतीच, फक्त मतदार हजारावरून विसावर आले. आणि ज्याला हजार मतं विकत घेता येत नव्हती त्याला अकरा घेता येतात, एवढं साधं गणित कायदा करणाऱ्यांना का दिसलं नाही कुणास ठाऊक, का दिसलं होतं?

माझंच सांगतो. ९७-९८ ची गोष्ट, तालुक्याचं कॉलेज, आमच्या बीए सेकंडला एक मुलगी पहिली आलेली, खेड्यावरून एसटीनं यायची. नोटीस बोर्डावर सीआर म्हणून तिचं नाव लागलं ते तिला आम्हीच सांगितलं. तिला काही करायचं नव्हतं त्यात, पण मत तिचं होतं ना. मग दोन्ही पार्ट्यांचे लोक तिच्या घरी, गावाला, वडिलांना भेटायला, एक पार्टी गेली की दुसरी. शेवटी वडिलांनी पोरीला मावशीकडं पाठवून दिलं आणि मतदानाच्या दिवशी स्वतः सोबत येऊन व्हरांड्यात बसले. सचिव झाला वेगळाच. आणि तो सचिव झाला त्या रात्री गायब. ट्रॅक्स जीप आली आणि घेऊन गेली. घरी सांगितलं विद्यापीठाचं काम आहे. आठ-दहा दिवसांनी मत देऊन परत आला तेव्हा पायात नवे बूट आणि हातात नवी कोरी बॅग, आणि गोव्याचं पाणी कसं निळं असतं ते आम्हाला सांगत होता. त्याला पळवला म्हणायचं का फिरायला नेला म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पेपरात दोन्ही शब्द यायचे, 'पळवापळवी' आणि 'सहल'. पुढं जिल्हा परिषदेच्या सभापती निवडीत हेच बघितलं तेव्हा नवल वाटलं नाही, पोरं तयार होऊनच गेली होती.

पुढचं सगळं त्यामानानं अलीकडचं. विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात ह्यावर सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २००६ मध्ये अहवाल दिला, कोर्टानं त्याच वर्षी तो मान्य केला. छापील पोस्टर नाही, हातानं केलेलंच चालेल, उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, हजेरी ७५ टक्के, पदवीला वय २२ पर्यंत, संशोधनाला २८, पोलीस केस नको. देशात बऱ्याच ठिकाणी ह्यावर निवडणुका सुरू झाल्या, महाराष्ट्र मात्र आणखी दहा वर्षं टॉपरवरच अडून बसला. मग २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा, १ मार्च २०१७ पासून लागू. त्यात थेट निवडणूक परत आली, सीआरसुद्धा मतानं आणि कॉलेजला अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गातून आळीपाळीनं एक प्रतिनिधी. नियमांत पक्षाचं, संघटनेचं नाव-चिन्ह वापरायला बंदी. २०१९ ला वेळापत्रकही लागलं, पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर डीपी बदलले, आणि विधानसभेच्या निवडणुकीसाठी ते पुढं ढकललं. मार्च २०२० ला कॉलेजंच बंद झाली.

एक बारीक गोष्ट इथं सुटते. २०१६ ची 'थेट' निवडणूक कॉलेजपुरतीच थेट आहे. विद्यापीठाच्या पातळीवर अध्यक्ष-सचिव निवडणार ते कॉलेजांतून निवडून आलेले पदाधिकारीच. म्हणजे ट्रॅक्सची सोय कायद्यानं ठेवलेलीच आहे, फक्त आता एका कॉलेजातून एकाऐवजी चार सीट भरतील.

आणि ज्या 'विद्यापीठ निवडणुका' मध्ये मध्ये होतात, २०२२ च्या शेवटी झाली तशी, ज्याचे बॅनर औरंगपुऱ्यापासून अंबाजोगाईपर्यंत लागतात, ती विद्यार्थ्यांची नसतेच. ती पदवीधरांची. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यातल्या पाच राखीव. त्यात उमेदवार चाळिशीचा, मतदार पन्नाशीचा, दोघांचीही शेवटची परीक्षा कधी झाली ते आठवावं लागतं, आणि प्रचार 'विद्यार्थ्यांचा आवाज' म्हणून. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव त्याच अधिसभेत बसायला पाहिजेत, पण परिषदच निवडलेली नसेल तर ते येणार कुठून?

आणखी एक, आजच्या पोरांसाठी. निवडणुका उद्या लागल्या तरी मराठवाड्यातल्या सगळ्यांना एकत्र मत देता येणार नाही. बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या विद्यापीठाला जोडली आहेत. मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याचा कायदाच वेगळा, १९८३ चा. एकाच गल्लीत एका घरमालकाकडं चार पोरं कॉट बेसिसवर राहत असतील तर त्यातला बीएवाला संभाजीनगरचा, इंजिनिअरिंगवाला लोणेरेचा आणि बीएचएमएसवाला नाशिकचा, आणि चौथा स्पर्धा परीक्षेवाला, तो कुणाचाच नाही.