कंगव्यातला केस आणि कादंबरीतली चेटकीण

लोककथेच्या मातीतून उगवलेली, चेटकिणीवरची एखादी काळीकुट्ट कादंबरी दहा जणांना वाचायला द्या. दोघं-तिघं ती रात्री अर्ध्यावर मिटतील आणि उशाशी नको म्हणून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवतील. एखादी दोन दिवसांत फडशा पाडून ‘अजून आहे का असलं काही?’ म्हणून विचारायला येईल. एखादा सांगेल की कंटाळा आला, त्या वडाचं वर्णन संपतच नाही. आणि एक वाचक हमखास असा निघतो, जो खून, रक्त, स्मशान सगळं निवांत वाचतो आणि अडखळतो एका साध्याच प्रसंगापाशी. म्हातारी सुनेच्या कंगव्यातला एक केस काढते आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवते, एवढंच तिथे घडतं. तरी त्याच्या पोटात गोळा येतो.

मला हा शेवटचा वाचक फार महत्त्वाचा वाटतो. करणीवर विश्वास आहे का, असं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल आणि ते खरंही असेल. मग एका केसाने काय बिघडलं?

आपल्या घरांत विंचरताना निघालेले केस तसेच फेकत नाहीत. त्यांची गुंडाळी करून, तिच्यावर थुंकून मग टाकतात. अंगापासून सुटलेला केस अजून ‘आपलाच’ असतो आणि तो भलत्याच्या हाती पडू नये, हा त्यामागचा विचार. जेम्स फ्रेझर या अभ्यासकाने १८९०पासून पुढे जगभरच्या जादूटोण्याची वर्णनं गोळा करून त्यांत दोन नियम दाखवले. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात, हा पहिला. म्हणून बाहुलीला टाचणी टोचायची. एकदा स्पर्श झालेल्या गोष्टींचं नातं पुढेही तुटत नाही, हा दुसरा. म्हणून केस, नखं, वापरलेलं कापड. फ्रेझरच्या मते ही मागासलेल्या मनाची चूक होती. इथे तो चुकला.

ती चूक दाखवून दिली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८६मध्ये. त्यांनी लोकांसमोर दोन बाटल्यांत साखर ओतली. मग त्याच लोकांच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या, एकीवर ‘साखर’ आणि दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’, आणि त्या हव्या तशा चिकटवायला सांगितलं. बाटलीत साखरच आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, विषाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने लावली होती. तरी त्या बाटलीतलं साखरपाणी प्यायला ते का-कू करू लागले. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून काढलेला रसही लोकांना नको झाला. आवडत्या माणसाच्या छायाचित्रावर बाण फेकायला सांगितलं, तर नेम ढळू लागला. ही सगळी आधुनिक शहरांत राहणारी, शिकली-सवरलेली माणसं होती.

म्हणजे फ्रेझरचे दोन्ही नियम तुमच्या-माझ्या डोक्यात चालू अवस्थेत आहेत. सडकं अन्न, आजाऱ्याचं कापड, विषारी किड्यासारखा दिसणारा किडा यांपासून चटकन दूर होणारं मन आपल्या पूर्वजांच्या कामी आलं असणार. हे मन आधी अंग आक्रसून घेतं, तर्क मागाहून येतो. तिठ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू आणि हळद-कुंकू दिसलं की कट्टर विवेकवादी माणसाचंही पाऊल क्षणभर अडतं. मग तो स्वतःला समजावतो आणि सरळ चालू लागतो. चेटकिणीची चांगली कादंबरी नेमकी त्या अडलेल्या क्षणात घुसते आणि तर्काला यायला उशीर व्हावा म्हणून हळूहळू, तपशील देत लिहिलेली असते.

हडळीचंही असंच. ती चालते-बोलते, केस सोडते, एखाद्या बाईसारखीच असते. फक्त पावलं उलटी. पास्कल बॉयर या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं आहे की ओळखीच्या गोष्टीत एखाद-दुसरीच अपेक्षा मोडली, तर ती कल्पना मनात पक्की बसते. सगळंच विचित्र असेल तर डोक्यात काही राहत नाही. अरा नोरेन्झायन आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये ग्रिमबंधूंनी जमवलेल्या लोककथा या नजरेने तपासल्या. सर्वत्र पोचलेल्या कथांत अशा अशक्य गोष्टी साधारण दोन-तीनच सापडल्या. विसरल्या गेलेल्या कथांत त्यांचं प्रमाण असं आटोपशीर नव्हतं. उलटी पावलं ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली, त्या अनाम कथेकऱ्याची जाण केवढी होती!

आता कंटाळलेल्या वाचकाकडे वळू. त्याला आपण चटकन ‘निबर’ म्हणतो, ते बरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पीअरसन यांच्या गटाने २०२१मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना मनात चित्रच उमटवता येत नाही. ‘आईचा चेहरा आठवा’ म्हटलं तर त्यांना ती आठवते, पण चेहरा दिसत नाही. या अवस्थेला ‘अफँटेशिया’ म्हणतात. असे २२ जण आणि मनात चित्र उमटणारे २४ जण अंधाऱ्या खोलीत बसवले आणि पडद्यावर एकेक वाक्य उमटवत भीतीच्या गोष्टी वाचायला दिल्या. शार्कच्या तावडीत सापडणं, कड्यावरून पडणं वगैरे. भीतीने त्वचेला जो सूक्ष्म घाम येतो, त्याने तिच्यातून वीज किती सहज वाहते हे बदलतं. ते मोजलं जात होतं. चित्र उमटणाऱ्यांचा आलेख गोष्टीबरोबर चढत गेला, अफँटेशिया असलेल्यांचा जवळपास सपाट राहिला. मग दोघांनाही भीतिदायक छायाचित्रं दाखवली, तेव्हा दोन्ही गट सारखेच दचकले. म्हणजे भीती दोघांकडे होती. शब्दांपासून तिच्यापर्यंत जाणारी वाट, मनातलं चित्र, एकाकडे नव्हती.

कंटाळलेल्या प्रत्येकाला अफँटेशिया असतो असं नव्हे. पण पुस्तकातली चेटकीण छापलेल्या अक्षरांत अर्धीच असते. उरलेली अर्धी वाचक आपल्या पदरचं घालून उभी करतो. कुणाची परसदारची विहीर, कुणाच्या आजोळच्या माजघरातला अंधारा जिना. दहा वाचकांनी दहा वेगळ्या चेटकिणी पाहिलेल्या असतात.

मिटून बाहेर ठेवलेल्या पुस्तकाचंही शास्त्र आहे. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हायले गावातल्या एका भीतिगृहात, म्हणजे लोक मुद्दाम घाबरायला जातात अशा करमणुकीच्या जागी, ११० जणांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधून त्यांना आत सोडलं. २०२०मध्ये आलेल्या निष्कर्षांत दिसलं की सर्वांत जास्त मजा मध्यम भीती वाटलेल्यांना आली. फार कमी घाबरलेले कंटाळले, फार जास्त घाबरलेल्यांची मजा गेली. भीतीची मात्रा ज्याची त्याला ठरवावी लागते आणि पुस्तकात ती वाचकाच्या हातात असते. दिवा लावता येतो, पान उलटता येतं, सकाळी उन्हात बसून वाचता येतं. पुस्तक बाहेरच्या खोलीत ठेवणारा वाचक मात्राच कमी करत असतो.

या साऱ्याला एक अट आहे. ‘हे खोटं आहे’ ही खात्री मागे शाबूत हवी. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या आना ग्योल्डीचा शिरच्छेद १७८२चा. २००८मध्ये तिला निर्दोष ठरवण्यात आलं. तिथल्या वाचकाला चेटकिणीपासून दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर मिळालं आहे.

आपल्याकडे बिहारने डाकीण ठरवण्याविरुद्ध कायदा केला तो १९९९मध्ये. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतरचा. त्याच्या अनुसूचीत गुन्हे मोजले आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवणं, हा त्यांतला एक. सहा महिने ते सात वर्षं कैद. गाईचं दूध आटवणारी म्हातारी युरोपच्या लोककथांतही आहे. इथे ती सरकारी राजपत्रात आहे, कारण सातपुड्यातल्या पाड्यांवर मूल दगावलं की गावाचं बोट अजून एखाद्या बाईकडे वळतं, आणि पुष्कळदा ती एकटी, विधवा असते.

नंदुरबारकडे शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी अशीच एक कादंबरी मोठ्या हौसेने दिली होती. महिन्याभराने तिने ती परत आणून दिली. तिच्या शाळेशेजारी एक म्हातारी राहते, जिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. वाचताना सारखी तीच दिसत होती, म्हणाली. खुणेची दोरी चाळिसाव्या पानावर होती.