खुब्याच्या सांधेरोपणानंतरची बंधने : पार्श्वभूमी

खुब्याचा सांधा बदलून घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती जो कागद पडतो, त्यावरच्या सूचना बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात : खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी, उंच कमोड वापरावा, मांडी घालून बसू नये. सहा आठवडे ते तीन महिन्यांसाठी सांगितलेली ही बंधने कित्येक जण धास्तीपोटी जन्मभर पाळतात. कृत्रिम सांधा निखळू नये हा त्यांचा हेतू असून तो निखळण्याची भीती बऱ्याच अंशी त्याच्या जुन्या घडणीतून आलेली आहे.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातील वाटीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. कृत्रिम सांध्यासाठी हस्तिदंत, काच आणि ॲक्रिलिक यांचे प्रयोग मागे पडल्यावर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात टेफ्लॉनची वाटी वापरली गेली. ती काही वर्षांतच झिजली. नोव्हेंबर १९६२ पासून तेथेच पॉलिथिलीनची वाटी आणि अवघ्या २२.२२५ मिलिमीटर व्यासाचा धातूचा गोळा बसवला जाऊ लागला. नैसर्गिक गोळा याच्या जवळपास दुप्पट असतो. लहान गोळ्यामुळे घर्षण आणि झीज कमी झाली, मात्र असा गोळा थोडासा सरकला तरी वाटीबाहेर पडतो.

पुढे पॉलिथिलीनच्या सूक्ष्म कणांमुळे सांध्याभोवतालचे हाड विरघळते, हे ध्यानात आले. त्यावर तोडगा म्हणून धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोळा बसवण्याची पद्धत पुन्हा पुढे आली. झीज कमी होईल आणि सांधाही निखळणार नाही, असे आश्वासन त्यामागे होते. प्रत्यक्षात कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात आणि भोवतालच्या ऊतींत उतरू लागले. २०१० मध्ये अशा एका प्रसिद्ध सांध्याची जगभरातून माघार झाली, तोवर तो सुमारे ९३,००० जणांना, त्यांपैकी भारतात सुमारे ४,७०० जणांना, बसवला गेला होता.

खरा बदल त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, फारसा गाजावाजा न होता सुरू झाला होता. किरणोत्साराने घट्ट बांधणी केलेले पॉलिथिलीन इतके कमी झिजते की त्यात ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा निर्धास्तपणे बसवता येतो. स्नायू न कापता पुढच्या बाजूने सांध्यापर्यंत पोहोचण्याची पद्धत रुळली. कमरेखालची भूल, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झामिक आम्ल आणि वेदनाशमनाच्या नव्या रीती यांमुळे रुग्ण त्याच दिवशी वॉकर धरून उभा राहू लागला. कागदावरच्या सूचना मात्र अनेक ठिकाणी तशाच राहिल्या.

२००० नंतर झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत बंधने शिथिल केल्यामुळे सांधा निखळण्याचे प्रमाण वाढल्याचे सहसा आढळले नाही; उलट रुग्ण कामावर आणि नेहमीच्या हालचालींकडे लवकर परतले. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया करणारे अनेक शल्यविशारद तरीही सावध आहेत आणि त्यांची शंका अगदीच निराधार नाही. वाद सर्वांना एकच कागद देण्याबद्दल आहे. मागच्या बाजूने बसवलेला सांधा प्रामुख्याने खुबा खूप वाकून मांडी आत वळली की निखळतो : खुर्चीत पायावर पाय टाकून वाकताना किंवा खाली पडलेली वस्तू गुडघा आत वळवून उचलताना. मांडी घालताना गुडघे बाहेर जातात, म्हणजे हालचाल जवळपास उलट दिशेने होते. तरीही दोन्हींवर सारखीच बंदी असते. भारतात खुबा बदलणाऱ्यांत रक्तपुरवठा खुंटून गोळा निकामी झालेले तरुण बरेच असतात. जेवणाची पंगत, पूजा, शेतातली कामे आणि जमिनीलगतचे शौचालय यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध येतो, त्यामुळे ही सरसकट बंदी त्यांना विनाकारण जाचते. उकिडवे बसण्यात मात्र खुबा फार खोल वाकतो, म्हणून तेथे जपणे रास्त आहे.

कमरेचा कणा आखडलेला किंवा शस्त्रक्रियेने जोडलेला असणे, खुब्याचे स्नायू दुबळे असणे, सांधा दुसऱ्यांदा बदललेला असणे, अशा रुग्णांत धोका आजही जास्त असतो आणि कडक बंधने त्यांच्यासाठीच राखून ठेवण्याकडे अलीकडचा कल आहे. त्यांच्यासाठी वाटीच्या आत दुसरी फिरती वाटी असलेला, फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात घडवलेला सांधाही आता पुन्हा मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.