रिस्क-फाइव्ह ओपन आहे, पण नेमकं काय ओपन आहे?

"सर, रिस्क-फाइव्ह ओपन सोर्स आहे म्हणायलेत. मग बोर्ड फुकटासारखाच पडंल ना?" लातूरला आमच्या लॅबमध्ये दर वर्षी हा प्रश्न येतो. बोर्ड म्हणजे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर असलेला छोटा कंप्युटर. विचारणारा निदान 'रिस्क-व्ही' म्हणत नाही, एवढ्यावरच मी खूश असतो. नावातला 'V' हा रोमन पाच आहे; अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातली ही पाचवी रिस्क, म्हणजे मोजक्या सोप्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रोसेसरची, रचना.

लिनक्स तुम्ही वापरता, त्यामुळे ओपन सोर्स म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला, हे पुन्हा सांगत बसत नाही. तोच अर्थ उचलून लोक प्रोसेसरला चिकटवतात, तिथे घोळ होतो.

2010 साली सुरू झालेलं रिस्क-फाइव्ह म्हणजे चिप नाही, चिपचा नकाशाही नाही. तो सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर यांच्यातला लेखी करार आहे. अमुक आकडा आला की बेरीज कर, तमुक आला की मेमरीतून वाच. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या आकड्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, या कराराप्रमाणे लिहितो, प्रोसेसर त्याप्रमाणे वागतो. हा करार वापरायला रॉयल्टी पडत नाही. आर्म कंपनीचा असाच करार वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. इथे ओपन आहे तो करार, बस्स.

तो पाळणारं सर्किट आत कसं बांधायचं, हे ज्याचं त्याचं गुपित. बोअरच्या मोटारीचं बघा. दोन इंची आउटलेटला कुठल्याही कंपनीचा पाइप बसतो, कारण आटे ठरलेले असतात. म्हणून कंपनी आतल्या वाइंडिंगचा हिशोब तुमच्या हातात देते का?

आमच्याकडचा व्हिजनफाइव्ह 2 हा बोर्ड घ्या. त्याच्या जेएच7110 चिपमध्ये साय-फाइव्ह कंपनीचे चार यू74 कोअर, म्हणजे आज्ञा पाळणारे मुख्य भाग, आहेत. त्यांची रचना बंद आहे, परवान्याने विकली जाते. ग्राफिक्स इमॅजिनेशन कंपनीचं, तेही बंद. उलट आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर: तिथे कोअरचा सोर्सच बीएसडी या खुल्या परवान्याखाली मिळतो. हे खरं ओपन हार्डवेअर. करार दोघांचा एकच. मधला प्रकार तर आणखी फसवा: टी-हेड या चिप कंपनीने 2021 मध्ये सी910 कोअर खुला केला, पण तो कोअर घातलेल्या टीएच1520 चिपमधलं ग्राफिक्स पुन्हा इमॅजिनेशनचंच. दुकानदार मात्र खोक्यावर 'ओपन' छापून मोकळे. या छापील शब्दाची मला चीड आहे.

आणि फुकटाचं म्हणाल तर, सोर्सची कॉपी फुकट होते, सिलिकॉनची होत नाही. 'शक्ती'चा सोर्स आज उतरवून घेतलात तरी चिप बनवायला फॅबकडे, म्हणजे चिपच्या कारखान्याकडेच, जावं लागेल.

नेहमीच्या पीसीपेक्षा बाकीचे फरक किरकोळ. विंडोजची एक्झी फाइल चालणार नाही, टॅलीवाल्या काकांना हा बोर्ड विकू नका. संपलं.

विकत घेताना मी 'ओपन आहे का' विचारतच नाही. 'प्रोफाइल कोणतं' हे विचारतो, कारण रोजच्या वापरात तेच नडतं. करारातले कोणते भाग चिपमध्ये असलेच पाहिजेत, याची यादी म्हणजे प्रोफाइल. आरव्हीए23 ही यादी 2024 च्या ऑक्टोबरात मंजूर झाली आणि उबुंटू या लिनक्सच्या 25.10 आवृत्तीला तीच लागते. व्हिजनफाइव्ह 2 त्याच्या आधीचा, त्यामुळे तो तिथे बसत नाही. लॅबमधल्या बोर्डांत उबुंटू 24.04 चं मेमरी कार्ड आहे. ते काढून नवीन घालून बघू नका, आणि 'बोर्ड जळाला' म्हणून माझ्याकडं येऊ नका.