लोकवाटा (पाणलोट विकास)

लोकवाटा : सरकारी निधीतून होणाऱ्या सामूहिक कामाच्या खर्चापैकी गावाने स्वतः उचलायचा हिस्सा. तो रोख असतो, श्रमदान असतो, कधी दगड-मुरूम किंवा ट्रॅक्टरच्या खेपा असतो. लोकवर्गणी गावाच्या मर्जीची. लोकवाटा ही मात्र अनुदानाची अट. नळपाणी योजनांपासून शाळाखोल्यांपर्यंत हा शब्द चालतो, पण त्याभोवती सर्वाधिक नियम आणि सर्वाधिक भांडणे जमली ती पाणलोट क्षेत्र विकासात, म्हणजे पावसाचे पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवून मुरवण्याच्या कामात. अलीकडे हीच कामे हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या नावाखाली मंजूर होतात. चर तेच, फलक नवा.

महाराष्ट्रात सामाईक पाण्यासाठी गावाने झीज सोसण्याची रीत जुनी आहे. खानदेश-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत पाट साफ ठेवणे हे लाभधारकांचेच काम होते. 1972 च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेने वेगळी वाट धरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेसाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला गेला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम. मजुरांनी पाझर तलाव खोदले, बांध घातले आणि मजुरी घेतली. गावाचा वाटा शून्य होता आणि दुष्काळात तो मागणे क्रूरपणाचेच ठरले असते. मात्र अशा बांधांना लोक ‘सरकारी बांध’ म्हणत राहिले. फुटला की सरकारने बांधावा, असे.

याला उत्तर म्हणून श्रमदानातून पाणी अडवणाऱ्या राळेगणसिद्धीचा दाखला पुढे आला. 2 ऑक्टोबर 1992 रोजी राज्य सरकारने आदर्श गाव योजना जाहीर केली. तिची पंचसूत्री होती नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी (झाडे न तोडणे), चराईबंदी आणि श्रमदान. पुढे लोटाबंदी (उघड्यावर शौचास न जाणे) व बोअरवेलबंदी जोडून ती सप्तसूत्री झाली. निधीच्या बदल्यात गावाने नुसता पैसा नव्हे तर वागणूक बदलून द्यायची, हा यातला विशेष. हिवरे बाजार याच योजनेतून नावारूपाला आले. तिथे पाणी आल्यावरही सिंचनासाठी बोअरवेल न घेण्याचा आणि ऊस-केळी न लावण्याचा नियम टिकला. सगळ्यात अवघड लोकवाटा बहुधा हाच असावा, कारण तो दरवर्षी भरावा लागतो.

त्याच सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा निधी नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या बँकेमार्फत थेट गाव पाणलोट समितीपर्यंत जाई. आधी गावाने श्रमदान करायचे, मग छोट्या क्षेत्रावर काम करून दाखवायचे आणि नंतरच पूर्ण शिवाराला मंजुरी. गट नंबरनिहाय शिवारफेरी काढून शेतकऱ्यासमोर, त्याच्याच जमिनीत काय करायचे हे ठरे. कार्यकर्ते आजही याला ‘नेट प्लॅनिंग’च म्हणतात. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत या पद्धतीची मर्यादाही दिसली. चराईबंदीचा भार पडला तो मेंढ्या-शेळ्यांवर जगणाऱ्यांवर, तर बांधबंदिस्तीचा लाभ जमीनवाल्यांना.

केंद्र सरकारने हनुमंत राव समितीच्या शिफारशींवरून केलेल्या मार्गदर्शक सूचना 1 एप्रिल 1995 पासून लागू झाल्या आणि लोकवाटा देशभर नियमात बसला. तेव्हा हेक्टरी 4,000 रुपये मिळत. 2008 च्या समान मार्गदर्शक सूचनांत सपाट भागासाठी ही रक्कम 12,000 झाली आणि 2021 नंतरच्या टप्प्यात 22,000, दुर्गम भागात 28,000. 2008 च्या सूचनांनुसार खासगी जमिनीवरील मृद-जलसंधारणाच्या कामात मालकाने किमान 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या व अल्प-अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांनी 5 टक्के भरायचे होते. ही रक्कम सरकारजमा होत नाही. ती ‘पाणलोट विकास निधी’ या गावाच्या वेगळ्या खात्यात राहते आणि प्रकल्प संपल्यावर बांध-बंधाऱ्यांच्या डागडुजीला वापरायची असते.

कागदावर हिशेब चोख आहे. शेतात 10,000 रुपयांचे बांध झाले तर मालकाचे 1,000. प्रत्यक्षात मालक रोख काढून देत नाही. मग वाटा मजुरीतून कापला जातो आणि त्याला श्रमदान म्हणतात. दिवसाचे 200 ठरले असतील तर हातात 180. ज्या शेतात बांध पडतो ते शेत कामावरच्या भूमिहीन बाईचे नसते. तरी त्या शेताचा लोकवाटा तिच्या घामातून गेलेला असतो. मोजमाप पुस्तिकेत काम थोडे फुगवून वाटा ‘बसवण्याची’ युक्तीही क्षेत्रावर सर्वांना ठाऊक आहे. या दोन्ही मार्गांनी टक्केवारी पूर्ण होते, फक्त मालकी तयार होत नाही, आणि लोकवाट्याचा हेतू तर तोच होता. केंद्राच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामांना लोकवाटा नव्हता. म्हणून दोन्ही योजना शेजारी-शेजारी चालल्या तिथे मजुरांनी पाणलोटाच्या कामाकडे पाठ फिरवली तर नवल नाही.

यंत्रे आली तसा वाट्याचा आकार बदलला. 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात पोकलेनने नाला खोलीकरण हे ठळक काम झाले. कुदळीऐवजी डिझेल, आणि डिझेलसाठी वर्गणी. या अभियानावर सुमारे 9,600 कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये ठेवला. 2017 च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत विभागणी साधी होती : उपशासाठी यंत्राचे इंधन सरकारचे, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. साहजिकच ट्रॅक्टरवाल्यांची शेते आधी भरली. 2023 मध्ये योजना नव्याने आणताना अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान ठेवावे लागले.

मराठवाडा, विदर्भ व जळगाव मिळून 5,142 गावांत 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (बोलीभाषेत ‘पोकरा’) जागतिक बँकेचे कर्ज आणि राज्याचा निधी एकत्र आले. पूर्णा खोऱ्यातील खारपाण (खाऱ्या भूजलाचा) पट्टाही त्यात होता. गावचा पाण्याचा ताळेबंद मांडून ग्राम कृषी संजीवनी समिती आराखडा करी. नाल्यावरची सामूहिक कामे पूर्ण सरकारी खर्चाने, तर ठिबक, शेडनेट यांसारखे वैयक्तिक लाभ अनुदानावर. अनुदान थेट बँक खात्यात येते, पण शेतकऱ्याने आधी पूर्ण रक्कम खर्च करून बिल जोडल्यावर. येथे लोकवाटा हा शब्द नियमात ठळक नाही. तरी सगळे पैसे आधी उभे करणे आणि अनुदान जमा होईपर्यंत व्याज सोसणे हाही एक वाटाच आहे, आणि तो दुकानदाराची उधारी किंवा सावकार यांच्यामार्फत भरला जातो.

पाणलोट विकास निधीच्या खात्यांचे प्रकल्पानंतर काय होते, यावर गावागणिक वेगळे उत्तर मिळते. काही ठिकाणी त्यातून सिमेंट नालाबांधातला गाळ निघतो. अनेक ठिकाणी सह्यांचे अधिकार असलेले अध्यक्ष-सचिव बदललेले असतात, आणि पासबुक कुणाच्या घरी आहे यावरून ग्रामसभेत वाद होतो.