पार्श्वभूमी : फ्रेदेरिक बास्तिया आणि संपाचा हक्क
फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बायोन या बंदरात १८०१ साली जन्मलेल्या, मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता अर्थलेखक फ्रेदेरिक बास्तिया याची पहिली चाळीसेक वर्षे शेती, वाचन आणि स्थानिक न्यायाधीशाचे काम यांत गेली. फ्रेंच व इंग्रजी जकातींवरचा त्याचा लेख पॅरिसच्या एका नियतकालिकाने १८४४ मध्ये छापला आणि त्यानंतरच्या जेमतेम सहा वर्षांत त्याचे जवळजवळ सारे महत्त्वाचे लेखन झाले. सूर्य फुकट उजेड देऊन आमचा धंदा बुडवतो, तेव्हा खिडक्या बंद करण्याचा कायदा करा, असा मेणबत्तीवाल्यांच्या नावाने त्याने लिहिलेला उपहासात्मक अर्ज प्रसिद्ध आहे. लिस्बनचे संत्रे अर्ध्या किमतीत मिळते ते तेथील ऊन फुकट असते म्हणून, मग स्वस्त परदेशी माल अडवणे हे ऊन अडवण्यासारखेच, हा त्यातला खरा टोला मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

१८४८ च्या क्रांतीनंतर तो संविधान सभेवर निवडून आला. सरकारी खर्चाने रोजगार देण्याच्या योजनेला त्याचा कडाडून विरोध होता. तरीही त्या विचाराच्या प्रमुख पुढाऱ्यावर खटला भरण्याचा ठराव आला, तेव्हा त्याने ठरावाविरुद्ध मत दिले.

खरा पेच नोव्हेंबर १८४९ चा आहे. १८१० च्या दंडसंहितेनुसार मजुरी पाडण्यासाठी मालकांनी संगनमत केल्यास जास्तीत जास्त एक महिना कैद होती, तर काम बंद पाडणाऱ्या कामगारांना कमीत कमी एक महिना आणि त्यांच्या म्होरक्यांना दोन ते पाच वर्षे. ही उघड विषमता दूर करायची म्हणून दोघांना सारखीच शिक्षा ठेवावी, असा नव्या कायदेमंडळाच्या समितीचा प्रस्ताव होता. घशाच्या आजाराने आवाज बसत चाललेल्या बास्तियाने मनाईच रद्द करण्याची मागणी केली: एका मजुराने काम नाकारणे गुन्हा नसेल, तर दहांनी मिळून नाकारणे गुन्हा कसा ठरतो? हिंसा वा धाकदपटशा झाला, तर शिक्षा त्याची व्हावी. कायदेमंडळाने त्याचे ऐकले नाही आणि संप कायदेशीर व्हायला १८६४ उजाडावे लागले.

तोवर तो हयात नव्हता. डिसेंबर १८५० मध्ये रोम येथे तो वारला होता. जकाती उतरवणारा १८६० चा इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करारही त्याने पाहिला नाही. विसाव्या शतकात, विशेषतः १९५० नंतर अमेरिकेत, करविरोधी मंडळींनी त्याची कायद्यावरची पुस्तिका नव्या अनुवादात घरोघर पोहोचवली, परंतु त्या प्रचारात संपाच्या बाजूने केलेले हे भाषण जवळजवळ दिसतच नाही. एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाने तर त्याला सिद्धान्तकार मानण्यासच नकार दिला. मूल्य व व्याजावरील त्याच्या विवेचनापुरता तो आक्षेप रास्त म्हणता येईल, या भाषणाला तो लागू पडत नाही.